आसवांवाचून

पांडुरंगा, आधी डोळ्यांत थेंब घालू दे, मग बोलते.

पहाटे पापण्या बुबुळांना चिकटलेल्या असतात. घाईने उघडल्या तर आत ओरखडा उठतो, म्हणून मिटल्या डोळ्यांनीच उशाशी चाचपडत औषधाची बारकी कुपी शोधायची आणि तिचं टोक पिरगाळून मोडायचं. ज्या बोटांनी ते मोडायचं, ती त्या वेळी आखडलेली असतात. मूठ वळत नाही. अंगठ्याच्या बुडाशी ठणका लागलेला असतो. जीभ टाळूला चिकटलेली असते. ती घोटभर पाण्याने सुटते, तेव्हा कुठे तुझं नाव बाहेर पडतं. आमच्या सासूबाई अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी तुझं नाव घ्यायच्या. मला आधी पाणी घ्यावं लागतं, मग नाव. हा क्रम तू चालवून घे. माझं पहिलं मागणं एवढंच आहे.

दुसरं मागणं नमस्काराचं. कोमट पाण्यात हात बुडवून, एकेक पेर चोळून सोडवेपर्यंत तळव्याला तळवा टेकत नाही. मधे पोकळी राहते. त्या पोकळीसकट केलेला नमस्कार पुरा समज. खाली मांडी घालून बसणं सुटलं. मी खुर्चीवर आणि तू खाली चौरंगावर, हे मला सोसवत नव्हतं. लेकाने ते न सांगता ओळखलं आणि देव्हारा भिंतीवर माझ्या डोळ्यांच्या उंचीला बसवून दिला. त्याचं भलं कर.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते. या दुखण्याचं बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे सांगावंच लागतं. शोग्रेनचा आजार म्हणतात याला. शरीराच्या राखणीला तू ज्या पांढऱ्या पेशी दिल्यास, त्यांनी परक्या जंतूंवर तुटून पडायचं; त्या माझ्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींत शिरून बसल्या आहेत आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत चालल्या आहेत. तोच दाह सांध्यांतही चालतो. आज बोटांच्या पेरांत, उद्या मनगटात, परवा गुडघ्यात आणि घोट्यात. माझ्या सांध्यांची हाडं झिजलेली नाहीत, बोटं वाकडी झालेली नाहीत, असं डॉक्टर सांगतात. हे तुझे उपकारच. पण सरळ दिसणारं बोट दुखत असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही. आणि थकवा म्हणशील तर तो झोपेने जात नाही. शाळेत तिसऱ्या तासाला खडू हातातून सुटतो, तेव्हा पोरं उचलून देतात. त्यांना मी काही सांगितलेलं नाही, तरी देतात.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यासाठी कोणी नवस बोलत नाही. ती आटली की समजतं, बोलणं तिच्यावर चालतं, चव तिच्यामुळे लागते, दात तिच्यामुळे टिकतात, घास तिच्यावरून उतरतो. आता भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय गिळवत नाही. शेंगदाण्याची चटणी घशात अडकते. ठेचा जिभेला नुसता लागला तरी आग होते. दात मुळांशी किडत गेले, काही काढावे लागले. रात्री दोनदा-तीनदा पाण्यासाठी उठायचं आणि पाण्यासाठी उठलं की लघवीलाही उठायचं, म्हणजे झोप गेली. बाईच्या शरीरात आणखी एका ठिकाणी कोरड येते. ते मी डॉक्टरीणबाईंनाही फार उशिरा सांगितलं. नवऱ्याजवळ जाणं दुखरं होतं आणि दोघंही गप्प राहतात. तुझ्यापाशी लपवायचं काय? तू संसार केलेला देव आहेस, रखुमाई तुझ्या शेजारच्याच देवळात आहे. आम्हा दोघांतलं ते मौन मोडू दे.

पंढरीहून कोणी आलं की प्रसाद आणतं. बुक्का, चुरमुरे, बत्तासे. चुरमुरे माझ्या टाळूला चिकटून बसतात, म्हणून मी बत्तासा पेल्यात पाण्यात टाकते आणि विरघळला की पिते. लगेच चूळ भरते, कारण साखर उरलेल्या दातांना चालत नाही. तुझा प्रसाद चूळ भरून टाकणं माझ्या जिवावर येतं, पण तो पोटात गेलेला असतो. आषाढी-कार्तिकीची निर्जळी एकादशी मी सोडली आहे. साबुदाणा आणि भगरही ताकाबरोबरच खाते, दिवसभर पाणी पिते, गोळ्या घेते. तुझ्या दारात पाण्याची बंदी कधीच नसावी असं मला वाटतं. चंद्रभागेच्या काठी राहणाऱ्या देवाला घोटाघोटाने पाणी पिणारी बाई वर्ज्य कशी होईल?

हे सगळं मी निभावून नेते. पण ज्यासाठी तुझ्यापुढे बसले आहे ते गाऱ्हाणं वेगळं आहे. मला रडता येत नाही.

आई गेली त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, भाऊ पाठमोरा उभा राहून उपरण्याने तोंड पुसत होता. मी आईच्या पायांशी बसले होते. छातीत हुंदका दाटून आला होता, आवंढा गिळायला घशात काही नव्हतं, नाकाच्या मुळाशी कळ उठली होती आणि डोळ्यांची आग आग होत होती. पाणी तेवढं आलं नाही. मागे बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, ‘थोरल्या लेकीच्या डोळ्यांत टिपूस नाही बघ.’ तिचा मला राग नाही. तिने जे पाहिलं ते ती बोलली. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक भीती बसली आहे, आणि ती त्या बाईच्या बोलण्याबद्दल नाही, तुझ्याबद्दल आहे.

आमच्या संप्रदायात डोळ्यांच्या पाण्याला फार मान आहे. कीर्तनात अष्टसात्त्विक भावांचं निरूपण किती वेळा ऐकलं. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. बुवा प्रत्येक वेळी अश्रूंवर येऊन थांबतात, तिथेच त्यांचा स्वतःचा गळा भरून येतो आणि मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. मीही पदर लावते. पदर कोरडाच खाली येतो. पंढरीच्या वाटेवर लोक कळस दिसला की रडतात, पायांवर डोकं ठेवलं की रडतात, निघताना रडतात. मी तुझ्यापुढे उभी राहते तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं ते मला माहीत नाही. म्हणून विचारते, तू माणसाला कशावरून ओळखतोस?

डोळ्यांच्या दवाखान्यात एक तपासणी असते. ओटो शिर्मर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ती १९०३ साली सांगितली. टीपकागदाची बारकी पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसवतात. मग पट्टी किती मिलिमीटर भिजली ते बघतात. पाच किंवा त्याहून कमी असेल तर डोळा कोरडा. माझ्या पट्टीचं टोक तेवढं ओलसर झालं होतं. ते माप बरोबर आहे, त्यावरूनच माझा आजार पकडला गेला. तुझ्याकडे तेच माप नसावं, एवढी माझी विनवणी आहे. रडण्यात जे जे होतं ते सगळं माझ्यात होतं. हुंदका होतो, कढ होतो, डोळ्यांना आग होते. तीच आग मी आईच्या पायांशी बसून ठेवली आणि तीच तुझ्या पायांशी ठेवते आहे. आसवांच्या जागी ती घे. आणि आईपर्यंत निरोप पोचवता येत असेल तर तिला सांग, थोरली रडली होती.

आमच्या आळीत बायकांचं भजनी मंडळ आहे, एकादशीला आणि गुरुवारी बसतं. मी टाळ धरायची. टाळाच्या दोरीचा पीळ बोटांभोवती घेऊन तासन् तास बसायचे. आता दोन अभंगांतच मनगट भरून येतं आणि दुसऱ्या दिवशी बोटं सुजतात. टाळ धाकट्या जाऊबाईंकडे दिला. मी रूपाच्या अभंगाला सुरुवात करून देते, पहिलं चरण म्हणते, पण तिसऱ्या चरणाला आवाज चिरतो आणि जीभ जड होते. तेव्हा मंडळातली सगळ्यांत वयस्कर बाई हात वर करून म्हणते, ‘तू पाणी पी गं, धृपद आम्ही धरतो.’ त्या धृपद धरतात, मी पाणी पिते, मग पुढचं चरण घेते. कोणी मागे वळून बघत नाही, कोणी हळहळत नाही. त्या बायकांना काय द्यायचं ते तूच ठरव. माझ्याजवळ त्यांच्यासाठी शब्द नाहीत. त्यांच्या गुडघ्यांना, त्यांच्या डोळ्यांना, त्यांच्या पोरीबाळींना सांभाळ.

माउलींची पालखी आमच्या फलटणवरून जाते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं की पालखी तरडगावला मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गावात. पूर्वी मी तरडगावपर्यंत सामोरी जायची आणि दिंडीबरोबर चालत परत यायची. आता दारासमोर उभी राहते. पाऊस लांबला असेल तर लाखो पावलांनी उडालेली धूळ डोळ्यांत जाते, आणि ती धुवून काढायला डोळ्यांत काही नसतं. म्हणून मी बाजूने बंद असलेला मोठा चष्मा लावते, पदराची झडप करते आणि उभी राहते. वारकरी पाणी मागतात. पाणी देणं मला जमतं. घागरीतून नाही, तो जोर हातात नाही. नळीने पिंपातून पेले भरून देते. तहान म्हणजे काय हे त्या रस्त्यावर माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. जे पाणी पितात त्यांना मी सांगत नाही, पण मनात म्हणते, माझ्या वाटची चार पावलं चाला.

पंढरीला आले तरी पदस्पर्शाच्या रांगेत तासन् तास उभं राहणं माझ्याने होत नाही. मुखदर्शन घेते, नाहीतर नामदेव पायरीशी टेकून कळसाला हात जोडते आणि परत फिरते. मग मला कूर्मदास आठवतो. पैठणचा तो भक्त, त्याला हात नव्हते की पाय नव्हते. पोटावर सरपटत निघाला. लऊळपर्यंत आला आणि एकादशी उद्यावर आली. आपण पोचत नाही हे त्याला कळलं आणि त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती निरोप धाडला. तू लऊळला गेलास, असं सांगतात. मला ही कथा फार जवळची आहे, तरी तिच्यातलं एक मला सतावतं. कथा सांगणारे शेवटी तुझ्या येण्यापाशी थांबतात. मला त्याच्या आधीचे दिवस दिसतात. रोज किती अंतर काटलं असेल, पोटाची सालटी निघाली असतील, तहान लागली की कोणाला हाक मारली असेल. त्या दिवसांत तू कुठे होतास? लऊळला आलास ते ठीक, पण वाटेतही होतास का? मी हे भांडायला विचारत नाही. मी अजून वाटेतच आहे, म्हणून मला वाटेतलं उत्तर हवं आहे.

जनाबाईबरोबर तू जात्यावर बसलास म्हणतात. माझ्या घरी जातं नाही, गिरणी आहे. पण बरणीचं झाकण आहे, कणकेचा गोळा आहे, ओला टॉवेल पिळायचा आहे, कुकरची शिटी घट्ट बसलेली आहे, नातीच्या फ्रॉकची बारीक बटणं आहेत. यांतलं एखादं काम तू करून जातोस असं मला कधी कधी वाटतं. कणीक हल्ली हेच मळून देतात. पहिल्यांदा परात पुढे ओढून घेतली तेव्हा ते म्हणाले, ‘तू मीठ बघ किती घालायचं ते.’ त्या दिवशी स्वयंपाकघरात तू होतास, याबद्दल मला शंका नाही.

आता ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांची नावं घेते. आधी त्या स्वीडनच्या डॉक्टरांचं, हेन्रिक शोग्रेन यांचं. माझ्या बाबतीत बरीच वर्षं अशी गेली की डोळ्यांचा डॉक्टर थेंब देई, दातांचा डॉक्टर दात भरी, हाडांचा डॉक्टर दुखण्याची गोळी देई, आणि कोणी म्हणे वय झालं, कोणी म्हणे मनावर घेता फार. तिन्ही दुखणी एकाच बाईची आहेत हे कोणाच्या ध्यानात येईना. शोग्रेन डोळ्यांचे डॉक्टर होते, पण त्यांनी डोळा बघताना तोंड कोरडं आहे का विचारलं, हाताचे सांधे पाहिले. १९३३ साली त्यांनी आपल्या प्रबंधात १९ बायकांची हकिकत मांडली. त्यांतल्या १३ जणींना सांधेदुखी होती. त्यांच्या प्रबंधाला तेव्हा वरची श्रेणीही मिळाली नाही. त्या १९ जणींची नावं मला माहीत नाहीत. देवा, तुला माहीत असतील. त्यांच्या वेळी औषधं नव्हती, त्यांना नुसतं कोणीतरी नीट पाहिलं. त्यांना तुझ्याजवळ जागा दे.

माझ्या रक्ताच्या कागदावर ‘रो पॉझिटिव्ह’ आणि ‘ला पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं आहे. ही प्रतिपिंडांची नावं. ज्या रुग्णांच्या रक्तात ती पहिल्यांदा सापडली त्यांच्या नावांची पहिली अक्षरं ही, असं मला डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे जगात जिथे जिथे हा आजार तपासला जातो तिथे तिथे त्या दोन आजारी माणसांची अर्धी नावं उच्चारली जातात. उरलेली अर्धी तू उच्चार. माझ्या जपात मी त्यांना धरलं आहे.

औषधासाठीही आभार. माझी मुख्य गोळी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, ती मुळात हिवतापाची. त्या जातीच्या गोळ्या दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना देत, तेव्हा काहींच्या अंगावरचं पुरळ आणि सांधेदुखी कमी झालेली दिसली. कोणत्या दुखण्यातून कोणाचं औषध निघेल, हा हिशेब तुझा. २०२० च्या मार्चमध्ये ही गोळी करोनावर चालते असा गवगवा झाला आणि औषधाच्या दुकानांतून ती नाहीशी झाली. नंतर मोठ्या चाचण्यांत दिसलं की करोनावर तिचा उपयोग नव्हता. त्या उन्हाळ्यात कितीजणींनी गोळ्या अर्ध्या करून पुरवल्या असतील. तसे दिवस कोणावर पुन्हा आणू नकोस. दुसरी गोळी ब्राझीलकडच्या जाबोरंडी नावाच्या झुडपाची, तिने थोडी लाळ सुटते आणि अंगाला घाम फुटतो. त्या झुडपाची पानं चघळली की तोंडाला पाणी सुटतं, हे तिथल्या रानातल्या माणसांना फार पूर्वीपासून माहीत होतं. त्यांच्या वंशाला सुखी ठेव, त्यांचं रान राख.

हिवतापाच्या गोळीने क्वचित डोळ्याच्या पडद्याला अपाय होतो, म्हणून दरवर्षी पडदा तपासावा लागतो. दृष्टी सांभाळ. पाणी नसलं तर नसो, पण तुझं रूप, कपाळीचं गंध, कानांतली मासोळी, हे बघायला डोळे असू देत.

तपासणीला पुण्याला जाते तेव्हा बाहेरच्या बाकांवर बहुतेक बायकाच असतात. या आजाराच्या १० जणांत साधारण ९ बायका. असं का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. तुला मी विचारून ठेवलं आहे. मागे तिथे एक पोरगी भेटली, पाच महिन्यांची गरोदर. तिच्या रक्तातही ‘रो’ होतं. हे प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत जातं आणि शंभरातल्या एक-दोन बाळांच्या हृदयाची लय बिघडवतं, म्हणून तिला वरचेवर पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी करायला बोलवत होते. ती घाबरली होती आणि तिची सासू मोबाइलवर तुझं भजन लावून तिच्या कानाशी धरत होती. पुढे काय झालं मला कळलं नाही. ते बाळ आता रांगत असू दे. त्याचं हृदय ठेक्यात चालू दे.

आणि ज्या बायका अजून बाकापर्यंतही पोचलेल्या नाहीत त्यांना बघ. ज्यांना कोणीतरी सांध्यांवर रामबाण म्हणून साध्या कागदाच्या पुड्या देतं, त्या पुडीत स्टेरॉइड असतं, आधी आराम पडतो आणि मग चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. ऊस तोडायला जाणाऱ्या, सुजल्या बोटांनी कोयता धरणाऱ्या. रॉकेलच्या आणि लाकडाच्या धुरात डोळे चोळणाऱ्या. ‘दिसतेस तर चांगली’ हे ऐकून गप्प झालेल्या. त्यांच्या वाटेत एक तरी असा डॉक्टर उभा कर, जो डोळा बघताना विचारेल, बाई, घास गिळताना पाणी लागतं का?

मला काहीजण सांगतात, हे प्रारब्ध आहे, मागच्या जन्मीचं. काही म्हणतात, ज्याच्यावर देवाची माया त्यालाच देव कसाला लावतो. पांडुरंगा, या दोन्ही गोष्टी मी मानत नाही, आणि हे तुला तोंडावर सांगते. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या सात वर्षांच्या पोरीच्या सांध्यांत वात शिरलेला मी माझ्याच वर्गात पाहिला आहे. तिला कसलं प्रारब्ध आणि तिची कसली परीक्षा. तू दुखणं धाडणारा असशील तर मी कोणाकडे येते आहे? मी येते ती दुखण्यात जवळ बसणाऱ्याकडे. तसा तू आहेस, या विश्वासावर माझं सगळं उभं आहे. तो काढून घेऊ नकोस.

माझ्या शरीराचा मला राग येतो तो तेवढा काढ. रात्री मनगट ठणकायला लागलं की मी त्याला वैऱ्यासारखं बोलते. पण या पेशींनी माझं वाईट योजलेलं नाही. लहानपणी गोवर, मोठेपणी टायफॉइड, किती वेळा त्यांनीच मला वाचवलं असेल. त्या राखणीलाच उभ्या आहेत, त्यांना आपलं माणूस ओळखू येईनासं झालं आहे. त्यांना मारून टाक असं मी म्हणणार नाही. त्यांना निवव. त्यांना पुन्हा मला ओळखू दे. या हातांनी मी किती पोरांना अक्षर काढायला शिकवलं, आईला शेवटचं न्हाऊ घातलं, दोन लेकरं वाढवली. सकाळी कोमट पाण्यात ते बुडवते तेव्हा त्यांच्याशी चांगलं बोलायची बुद्धी मला दे.

आता सगळ्यात मागे ठेवलेलं बोलते. उजव्या कानाखालची लाळेची ग्रंथी सुजली आहे, आणि या वेळी सूज उतरत नाही. हात लावला की टणक लागते. हा आजार असलेल्या शंभरातल्या पाचेक जणींना पुढे लसिका ग्रंथींचा कॅन्सर होतो, हे मला माहीत आहे. वाचलं आहे, डॉक्टरांनीही लपवलं नाही. पुढच्या आठवड्यात सुईने तुकडा काढून तपासायचा आहे.

गाठ साधी निघू दे. मी ‘तुझी इच्छा असेल तर’ असं म्हणणार नाही, कारण माझी इच्छा मला पक्की ठाऊक आहे. मला जगायचं आहे, विठोबा. दुखऱ्या सांध्यांसकट आणि कोरड्या तोंडासकट जगायचं आहे. नात अजून ‘ळ’ला ‘ल’ म्हणते, तिचा ‘ळ’ मला ऐकायचा आहे. सेवानिवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत, ती वर्गात काढायची आहेत. लऊळला एकदा जायचं आहे, गाडीने का होईना. आणि साधी नाही निघाली, तर उपचारांना लागणारं बळ दे, पैसा उभा राहू दे, ह्यांना आणि लेकाला धीर दे, आणि माझ्या डॉक्टरीणबाईंचा हात स्थिर ठेव. त्या दिवशी तिथे माझ्याबरोबर ज्या ज्या बसलेल्या असतील, हातात फाइल घेऊन, त्यांच्याही गाठी साध्या निघू देत. सगळ्यांच्या.

रामकृष्णहरी.